साक्षी आणि साक्षीदार : खासगी डिटेक्टिव्ह आपल्या पडद्यावर का दिसत नाही?



आजचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही जण एकमेकांकडे पाहून हसले असतील. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, मुळशी तालुक्यातलं व्याख्यान, आणि बोलायचं कशावर, तर पॅरिसच्या एका खासगी डिटेक्टिव्हवर. त्याच्याशी आपलं काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवण्याचं काम रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं, आमचं नव्हे. म्हणून आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो.

ज्या जातीच्या डिटेक्टिव्हबद्दल आज बोलायचं आहे, त्याच्या कथेला लागणारा सगळा कच्चा माल या तालुक्यात आहे. जमीन आहे, पाणी आहे, रातोरात बदललेले सातबारे आहेत, दलाल आहेत, गप्प बसलेली गावं आहेत. मराठी पडद्याने हा माल वापरलासुद्धा. फक्त त्या कथेत प्रश्न विचारत फिरणारा जो माणूस असतो, तेवढा एक वगळला. तो का वगळला आणि त्यामुळे आपलं, प्रेक्षकांचं, काय बिघडतं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी जात कोणती ते बघू. इंग्रजीत तिला 'हार्डबॉइल्ड' म्हणतात. शब्द अंड्याचा आहे. पूर्ण उकडलेलं अंडं, आत ओलं काही उरलेलं नाही, असं भासवणारा माणूस. १९२०च्या दशकात अमेरिकेत ही जात जन्मली. डॅशिएल हॅमेट हा तिचा मोठा लेखक स्वतः पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह कंपनीत नोकरी केलेला. त्याच्यानंतर रेमंड चँडलर आला. शेरलॉक होम्सच्या कथेत खून ही एक गाठ असते. बुद्धिमान माणूस ती सोडवतो आणि जग पुन्हा जागेवर येतं. हॅमेट-चँडलरच्या कथेत खून सुटतो, पण जग जागेवर येत नाही, कारण ते मुळातच जागेवर नव्हतं. गुन्हेगार हा व्यवस्थेतला अपवाद नसतो, तो तिचा भागीदार असतो. आणि डिटेक्टिव्ह? तो भाड्याच्या खोलीत बसतो, दिवसाच्या हिशोबाने पैसे घेतो, मार खातो. त्याच्यामागे सरकार नाही, पदवी नाही, घराणं नाही.

फ्रेंचांनी हा माणूस उसना घेतला आणि आपला केला. त्याचं नाव नेस्तोर ब्यूर्मा. लिहिणारा लेओ माले, १९०९ साली दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए गावी जन्मलेला. लहानपणीच आईबाप गेले. पिंपं बनवणाऱ्या आजोबांनी वाढवलं. सोळाव्या वर्षी पोरगा पॅरिसला पळाला, अराजकवाद्यांच्या घोळक्यात राहिला, कॅबरेत गाणी म्हटली, पुढे आंद्रे ब्रताँच्या अतिवास्तववादी कवींमध्ये बसू लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत दिवस काढले. परत आला तर पॅरिसवर जर्मनांचं राज्य. अमेरिकन पुस्तकांवर बंदी. वाचकांना तर तसलीच पुस्तकं हवी. मग मालेने फ्रँक हार्डिंग असं अमेरिकन वाटणारं टोपणनाव घेऊन नकली अमेरिकन कादंबऱ्या लिहिल्या. १९४३ साली मात्र त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या देशातला डिटेक्टिव्ह उभा केला. ब्यूर्माची ती पहिली कादंबरी.

ब्यूर्माच्या कचेरीचं नाव 'फियात लुक्स', लॅटिनमध्ये 'प्रकाश होवो'. नाव एवढं भारदस्त, आणि कचेरीत दोन-चार माणसं आणि पैशांची कायम ओढाताण. एलेन ही त्याची सेक्रेटरी. फारू हा पोलीस अधिकारी, जो मित्रही आहे आणि वैरीही. १९५४ ते १९५९ या काळात मालेने एक मोठा घाट घातला. पॅरिसचे वीस वॉर्ड, प्रत्येक वॉर्डात एक गुन्हा, एक कादंबरी. पंधरा लिहून झाल्या, पुढच्या राहून गेल्या. म्हणजे त्याने शहराचा नकाशाच गुन्ह्यांच्या अंगाने काढायला घेतला होता.

टीव्हीवर हा ब्यूर्मा १९९१ ते २००३ असा बारा वर्षं चालला. प्रत्येक भाग जवळजवळ दीड तासाचा, म्हणजे स्वतंत्र चित्रपटच. ब्यूर्मा झाला होता गी मारशाँ, नट आणि गायकही. हा मारशाँ २०२३च्या डिसेंबरात वारला. त्याचा ब्यूर्मा आम्हाला आवडतो, आणि का आवडतो ते सांगायला पाहिजे. त्याच्या चेहऱ्यावर थकवा आहे, पण कुरकूर नाही. टोपी, कोट, मिश्कील डोळे. श्रीमंताच्या बंगल्यात शिरताना तो दबत नाही आणि झोपडीत शिरताना उपकार केल्यासारखा वागत नाही. डिटेक्टिव्हच्या भूमिकेचं निम्मं काम इथेच होतं. हा माणूस दार ठोठावतो कसा, यावर ती कथा उभी राहते किंवा पडते.

आता उणीव. मालिकेने १९५०च्या दशकातल्या कथा उचलून १९९०च्या दशकात आणल्या. वरवर पाहता यात काय बिघडलं? मोटारी बदलल्या, फोन बदलले. पण मालेच्या गुन्ह्यांची मुळं एका विशिष्ट काळात आहेत. युद्धात कोण कोणाशी कसं वागलं, काळ्या बाजारात कोण गब्बर झालं, जुना क्रांतिकारक आज कोणत्या दुकानाचा मालक आहे, या आठवणी लोकांच्या पोटात होत्या. त्याची एक कादंबरी आहे, पुलावरच्या धुक्याची, १९५६ सालची. जाक तार्दी या चित्रकाराने १९८२ साली तिची चित्रकादंबरी केली. तिच्यात ब्यूर्माला तरुणपणीच्या एका अराजकवादी सोबत्याचं पत्र येतं. तो इस्पितळात पोचेपर्यंत सोबती मेलेला असतो. मग माग काढता काढता ब्यूर्माला स्वतःच्याच तरुणपणाच्या गल्लीत परत जावं लागतं. ज्या स्वप्नांसाठी उपाशी राहिले, त्या स्वप्नांचं त्या पोरांनी पुढे काय केलं, हे त्या कादंबरीतलं खरं रहस्य आहे. ही धग काळ बदलला की विझते. मालिकेत पॅरिस सुंदर दिसतं. कादंबरीत ते दोषी दिसतं. हा फरक लहान नाही.

आणि लेखकाबद्दलही एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. स्वतः मालेची उतारवयातली मतं परकीयांच्या द्वेषाकडे झुकली. तरुणपणी सगळ्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हातारपणी शेजाऱ्याविरुद्ध बोलू लागला. त्याचं पात्र त्याच्यापेक्षा मोठं निघालं. साहित्यात असं होतं.

बरं, आता आपल्याकडे वळू. आधी आपला शब्द बघा. आपण म्हणतो 'गुप्तहेर'. हा शब्द उच्चारला की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. कौटिल्याचे हेर आठवतात. म्हणजे हेर कोणाचा? राजाचा. तो लोकांत मिसळून माहिती काढतो आणि वर नेऊन देतो. आपल्या शब्दातच राजा बसलेला आहे. 'खासगी गुप्तहेर' म्हटलं की ऐकायला जरा विचित्र वाटतं, ते यामुळेच. ज्याच्यामागे राजा नाही असा हेर आपल्या भाषेने कल्पिलाच नव्हता. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्यायांनी हा पेच ओळखला. त्यांचा ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणारा. कोणासाठी, हे त्या शब्दात नाही, आणि तेच त्या शब्दाचं मोठेपण. बासू चटर्जींनी १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश आणला, रजित कपूरने तो केला, आणि आपल्यापैकी पुष्कळांनी तो आवडीने पाहिला. त्याच्या आधी १९८५च्या सुमारास पंकज कपूरचा गाजर खाणारा करमचंद होऊन गेला होता. दोघेही खासगी, दोघेही हिंदीतून आलेले.

मराठीत काय होतं? पुस्तकांत तर भरपूर होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू, ही नावं घेतली की या सभागृहातल्या पिकल्या केसांच्या मंडळींचे डोळे चमकतात, ते आम्हाला इथून दिसतंय. शाळेच्या पुस्तकात घालून, दिव्याखाली लपवून, भाड्याच्या वाचनालयातून आणून वाचलेली ही पुस्तकं. योगायोग बघा, माले आणि अर्नाळकर दोघेही १९९६ साली गेले. दोघांनीही पोटासाठी भराभर लिहिलं, दोघांवरही परक्या रहस्यकथांची छाया होती, आणि दोघांनाही शहाण्यासुरत्या समीक्षकांनी बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं. फरक पुढे पडला. मालेचा ब्यूर्मा आधी सिनेमात गेला, मग चित्रकादंबरीत, मग टीव्हीवर बारा वर्षं. आपला धनंजय असा घरोघरच्या पडद्यावर येऊन मुक्कामाला राहिला नाही.

मराठी टीव्हीवर कोण आलं? पोलीस आला. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' आली. नावच पोलिसांच्या शंभर नंबरचं. 'हॅलो इन्स्पेक्टर' आली, रमेश भाटकर लोकप्रिय झाले. 'एक शून्य शून्य'मधले शिवाजी साटम पुढे १९९८पासून हिंदीत 'सी.आय.डी.'चे एसीपी प्रद्युम्न झाले आणि वीस वर्षं घराघरांत राहिले. या मालिका वाईट होत्या असं आम्ही म्हणत नाही. 'एक शून्य शून्य'मध्ये साधेपणा होता, माणसं ओळखीची वाटत. मुद्दा वेगळा आहे. या सगळ्यांत सत्य शोधण्याचं काम पगारी नोकराकडे आहे. त्याच्या खिशात ओळखपत्र आहे. त्याने दार ठोठावलं की दार उघडावंच लागतं. त्याने विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. ब्यूर्माच्या तोंडावर दार आपटता येतं. तो पुन्हा ठोठावतो. या 'पुन्हा'मध्ये त्या जातीच्या कथेचं सगळं नीतिशास्त्र आहे.

कोणी म्हणेल, अहो, आपल्याकडे खासगी डिटेक्टिव्ह प्रत्यक्षात तरी कुठे असतात? असतात की. मुंबई-पुण्यात त्यांच्या कचेऱ्या आहेत, जाहिराती आहेत. रजनी पंडित यांच्यासारखं नाव मराठी वाचकांना ठाऊकच आहे. पण त्यांच्याकडे येणाऱ्या कामात मोठा वाटा कशाचा? लग्न जमवण्याआधी मुलाची किंवा मुलीची चौकशी, नवराबायकोचे संशय, धंद्यातल्या भागीदाराची माहिती. आणि कायद्याचं म्हणाल तर खासगी डिटेक्टिव्ह संस्थांचं नियमन करणारं विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे हा माणूस धड आतला नाही, धड बाहेरचा नाही. खरं तर कथेसाठी याहून चांगली जागा नाही. ब्यूर्माही नवराबायकोच्या संशयाचीच कामं घेतो. १९७४ सालच्या 'चायनाटाउन' या अमेरिकन चित्रपटात डिटेक्टिव्हला एका नवऱ्यावर पाळत ठेवण्याचं फुटकळ काम मिळतं, आणि त्या फुटकळ कामाच्या धाग्याने तो लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या आणि जमिनीच्या भल्यामोठ्या लुटीपाशी पोचतो. लहान काम, मोठं सत्य. आमच्या मते या जातीचा हा नियमच आहे.

याला मराठीत सगळ्यांत जवळ पोचलेला कोण, तर आपल्याच जिल्ह्यातला, फुरसुंगीचा बनेश फेणे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. भागवत फ्रेंचांचेही ऋणी. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात त्यांनी दिला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने फेणे केला. २०१७ साली आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात अमेय वाघ हा मोठा झालेला फेणे होता. त्या चित्रपटाची एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला पुण्यात आलेला हा पोरगा. तिथे ओळख झालेला एक मुलगा मरतो. पोलिसांच्या लेखी ती आत्महत्या. फाइल बंद. फेणेला ते पटत नाही. बास, एवढंच त्याचं भांडवल. त्याला कोणी नेमलेलं नाही, कोणी पैसे देत नाही. एका अनोळखी माणसाचं मरण त्याला आपलं वाटतं. समोर गिरीश कुलकर्णींचा अप्पा आहे, जो राक्षसासारखा ओरडत नाही, धंदा करणाऱ्या माणसासारखा बोलतो. इथे मराठी पडदा त्या जातीच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. मग मागे का फिरला? कारण फेणे हा शेवटी आपल्या बालपणाचा लाडका. त्याला फार लागू द्यायचं नाही, त्याला हरू द्यायचं नाही, अशी आपली सगळ्यांची इच्छा. तो जिंकतो आणि आपण निश्चिंत घरी जातो. उकडलेल्या अंड्याला थोडी हळद-साखर लावल्यासारखं झालं.

आता या तालुक्याचा सिनेमा. २०१८चा 'मुळशी पॅटर्न'. प्रवीण तरडे यांचा. इथे बसलेल्यांना त्याची गोष्ट सांगायची म्हणजे आजोळच्या गोष्टी मामालाच सांगण्यासारखं. जमीन विकून बसलेला बाप, मोहन जोशींनी केलेला. त्याचा पोरगा राहुल्या, ओम भूतकरने केलेला, गुन्हेगारीत शिरतो. पोलीस अधिकारी उपेंद्र लिमये. चित्रपट गाजला, २०२१ साली त्यावरून 'अंतिम' हा हिंदी चित्रपट झाला. त्यावर टीका झाली की तो गुंडगिरीचं कौतुक करतो. आम्हाला ती टीका अर्धीच पटते. त्यातला बाप खरा आहे. पैसा आला, उधळला, जमीन गेली आणि आपल्याच रानात परका झाला, ही शोकांतिका तरडे यांनी पोटातून मांडली आहे.

पण डिटेक्टिव्हच्या अंगाने हा चित्रपट पाहा. गुंड आहे, पोलीस आहे, बळी आहे. विचारणारा नाही. जमीन कोणी घेतली, कोणत्या भावाने घेतली, मध्ये कोण होतं, कागद कसा झाला, पुढे ती किती पटीने विकली गेली, हे प्रश्न चित्रपटात कोणी धसास लावत नाही. का लावत नाही? तर लावायची गरजच वाटत नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे. इथे आपण आपल्या विषयाच्या गाभ्याशी आलो.

आमच्या वर्गात न्यायदर्शन शिकवताना डोंगरावरचा धूर हे ठरलेलं उदाहरण असायचं. धूर दिसला, म्हणून आग आहे असं अनुमान केलं. होम्स हा या अर्थाने नैयायिक आहे. त्याला प्रत्यक्ष दिसत नाही ते तो अनुमानाने जाणतो. त्याचा प्रश्न ज्ञानाचा आहे. ब्यूर्माचा प्रश्न तसा नाही. त्याच्या वॉर्डात आग कोणी लावली हे पुष्कळांना माहीत असतं. दारवानाला माहीत, बारवाल्याला माहीत, पोलिसालाही माहीत. तिथे अनुमान कमी पडत नाही. कमी पडतो तो न्यायशास्त्रातला दुसरा एक प्रमाणप्रकार, शब्द. कोणीतरी विश्वासाने सांगितलेली गोष्ट. माहीत सगळ्यांना, आणि सांगायला कोणी नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन सुंदर शब्द आहेत. साक्षी आणि साक्षीदार. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो. त्याला काही लागत नाही, चिकटत नाही, तो अलिप्त. अध्यात्मात ती मोठी अवस्था. कोर्टातला साक्षीदार मात्र पाहून थांबत नाही. तो पिंजऱ्यात उभा राहतो, नाव सांगतो, गाव सांगतो, आणि जे पाहिलं ते बोलतो. बोलल्यावर त्याचं काही खरं नसतं. 'दार' हा एवढासा फारशी प्रत्यय लागला आणि अलिप्त माणूस गुंतला. हार्डबॉइल्ड डिटेक्टिव्हची सगळी कथा म्हणजे साक्षीचा साक्षीदार होणं. सुरुवातीला तो म्हणतो, मला काय, मी पैसे घेतले, मी पाहीन आणि सांगीन. शेवटी पैसे देणारा पळालेला असतो, कधी मेलेला असतो, कधी तोच गुन्हेगार निघतो. आणि हा मात्र थांबू शकत नाही, कारण आता त्याला माहीत आहे. माहीत असण्याची किंमत त्याला कळलेली असते.

आपण मात्र अध्यात्मातला साक्षी व्यवहारात आणला. रस्त्यावर अपघात पाहिला, साक्षी. शेजारच्या बांधावर अन्याय पाहिला, साक्षी. चावडीवर खोटा अंगठा पाहिला, साक्षी. 'आपल्याला काय करायचंय' हे वाक्य आपण अलिप्ततेच्या स्वरात म्हणतो, आणि ते असतं भीतीचं. भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. भीती खरी आहे. पण तिला वैराग्याचं वस्त्र नको.

मग मराठीतला ब्यूर्मा कुठे आहे? आमचं म्हणणं, तो आहे. पडद्याने त्याच्याकडे पाहिलं नाही एवढंच. तो दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतो. महाराष्ट्राचा हा कायदा २००२चा, देशाचा २००५चा. अर्ज दिला की तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. या माणसाकडे ओळखपत्र नाही, पिस्तूल नाही, टोपी-कोट तर नाहीच. तो कचेरीत जातो, 'साहेब जेवायला गेलेत' हे ऐकतो, पुन्हा जातो. पहिलं अपील, दुसरं अपील. ब्यूर्माचं ते 'पुन्हा' इथे आहे. फेरफाराची नोंद कधी पडली, हरकत कोणी घेतली, इतर हक्कांतलं कुळाचं नाव कोणत्या आदेशाने गेलं, कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा त्या तारखेला जिवंत होता का, हे तो विचारतो. सातबारा हा त्याचा धूर, फेरफार ही त्याची आग.

आणि ही गंमत नाही, मंडळी. शेजारच्या मावळात, तळेगाव दाभाड्याला, सतीश शेट्टी राहत होते. जमिनींच्या व्यवहारांतले गैरप्रकार त्यांनी माहितीच्या अधिकारातून उघडकीला आणले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी ते फिरायला निघाले असताना त्यांची हत्या झाली. पुढचा तपास सीबीआयपर्यंत गेला. इथे आम्ही कोणावर बोट ठेवत नाही, ते आमचं काम नाही. आम्ही एवढंच म्हणतो की चँडलरने आणि मालेने ज्या माणसाची कल्पना केली, तो आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर हाडामांसाचा वावरत होता, आणि आपल्या मालिकांना तो नायक वाटला नाही. त्यांना नायक वाटला वर्दीतला माणूस, नाहीतर कोयता घेतलेला.

याने काय बिघडतं? कथा करमणुकीची असते, मान्य. पण कोणत्या माणसाला नायक होण्याचा अधिकार आहे, हे आपण कथांतूनच शिकतो. पोलीस नायक असेल तर सत्य ही वरून मिळणारी वस्तू होते. अधिकारी चांगला निघाला तर मिळेल, नाहीतर नशीब. गुंड नायक असेल तर सत्य ही ताकदीची शेपूट होते. या दोन्ही कथांमध्ये आपण कोण? बघे. विचारणाऱ्या माणसाची कथा पाहणाऱ्याला एक बारीक टोचणी लागते: हे तर मलाही विचारता आलं असतं.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुणाने आम्हाला अडवलं. तो म्हणाला, सर, अर्ज, अपील, फेरफार यांची मालिका कोण बघणार? कंटाळवाणी होईल. शंका चांगली आहे. आम्ही म्हणतो, टेलिफोनची वही चाळणारा, तासन्‌तास मोटारीत बसून एका दाराकडे पाहणारा डिटेक्टिव्ह कंटाळवाणा नव्हता का? लेखकाने त्या वाट पाहण्यात धोका भरला, म्हणून आपण डोळे न मिटता पाहिलं. मालेने वॉर्डावॉर्डाने पॅरिस लिहिलं. इथे गावागावाने लिहिता येईल. एक भाग पौडच्या कचेरीतला, एक पिरंगुटच्या कारखान्यांमागचा, एक हिंजवडीचा, जिथे भाताच्या खाचरांवर संगणकाच्या इमारती उभ्या राहिल्या. एक लवासाच्या डोंगरावरचा. आणि एक धरणाचा.

धरणाचा भाग तर शंभर वर्षं जुना. टाटांच्या वीज कंपनीचं धरण इथे आलं, तेव्हा १९२१ ते १९२४ इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. जमीन मावळ्यांची बुडाली, वीज मुंबईला गेली. 'चायनाटाउन'मधलं पाणी आणि मुळशीचं पाणी यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. आणि त्या सत्याग्रहाचे सेनापती पां. म. बापट तरुणपणी कुठे गेले होते? पॅरिसला. बॉम्बची गुप्त विद्या शिकायला. गुप्त विद्या शिकून आलेला तो माणूस मुळशीत मात्र उघड उभा राहिला, नाव सांगून, गाव सांगून, आणि तुरुंगात गेला. साक्षीदार तो हा.

तेव्हा या मातीला साक्षीदार नवा नाही. नवीन आहे ते त्याला विसरणं. गी मारशाँचा ब्यूर्मा जरूर पाहा, मिळेल तिथे पाहा, मजा येते. पण पाहताना एक हिशोब मनात ठेवा. त्याच्या जागी पोलीस असता तर पहिल्या दहा मिनिटांत कोणतं दार उघडलं असतं, आणि त्याच्या तोंडावर ते किती वेळा बंद झालं. त्या बंद दारांची मोजदाद म्हणजे त्या मालिकेची खरी समीक्षा. आणि मग कोणी मराठी तरुण लेखक इथे बसला असेल, तर त्याला आमची एवढीच विनंती आहे की नायकासाठी पुणे-मुंबईला जाऊ नका. उद्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसा. हातात फाटकी पिशवी, पिशवीत कागद, आणि तिसऱ्यांदा आलेला एखादा म्हातारा तिथे बसलेला असेल. त्याला विचारा, बाबा, कोणत्या कामाला आलात? आणि मग गप्प बसून ऐका. कथा तिथून सुरू होते.